नाताळाआधी नानांची पेटी : ठाण्याच्या घरातल्या दुरुस्तीच्या नोंदी

आमच्या घरात पाच माणसं आणि पाचही जणांचा डिसेंबर गाण्यात जातो. बाबा (वय ७८) पेटी वाजवतात. नवरा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गायनसंघाचा सराव घेतो आणि कीबोर्ड वाजवतो. थोरली व्हायोलिन वाजवते, धाकटा तबला, मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते. २०२३ च्या नाताळात यात एक काम वाढलं. माझ्या आजोबांची, म्हणजे नानांची, हातपेटी माळ्यावरून काढून पुन्हा वाजती करायची होती. ज्यांच्या घरी अशी जुनी पेटी पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी त्या त्या दिवशी लिहीत गेले. चुका गाळलेल्या नाहीत, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला.

२६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर जेवणं झाली आणि कॅलेंडर घेऊन सगळे बसलो. या वर्षी नाताळ सोमवारी आहे. त्यामुळे आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिला रविवार ३ डिसेंबरला आणि चौथा थेट २४ ला येतो. एरवी चौथ्या रविवारनंतर नाताळपर्यंत काही दिवस मिळतात, ते यंदा नाहीत. २४ ला सकाळी आगमनकाळाची उपासना आणि त्याच रात्री नाताळची. त्याआधी पाच संध्याकाळी घरोघरी नाताळगीतांची फेरी. संडे स्कूलच्या मुलांची तीन गाणी बसवायची आहेत. थोरलीची परीक्षा ९ तारखेला संपते, धाकट्याचं शाळेतलं स्नेहसंमेलन १५ ला.

एवढं सगळं कागदावर मांडून झाल्यावर बाबा म्हणाले, "यंदा नानांची पेटी वाजवू या का?" एकदाच म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. बाबा कधी काही मागत नाहीत. पेटीवर त्यांचं पहिलं बोट पडलं ते याच पेटीवर. नाना नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती कीर्तन करत फिरायचे, तेव्हा ही पेटी सायकलच्या कॅरियरवर बांधलेली असायची.

संध्याकाळी माळ्यावरून काढली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, डांबरगोळ्यांचा वास. ३९ पट्ट्या, खर्ज (खालच्या आवाजाची) आणि नर (त्याच्या वरची) अशा दोन ओळी, म्हणजे ७८ सूर. पेटीत सूर म्हणजे हवेने थरथरून वाजणारी पितळी जीभ. भात्याचे दोन कोपरे फाटलेले. सहा पट्ट्या मुक्या. भाता मारला की एक सूर पट्टी न दाबताच वाजतो. लाकूड मात्र ठणठणीत.

दादरच्या एका पेटीवाल्याला फोन केला. साडेसहा हजार सांगितले आणि पेटी ५ जानेवारीनंतर मिळेल म्हणाला. डिसेंबरात त्यांच्याकडेही रांग असते, त्यात त्याचं काही चुकलं नाही. शिवणयंत्र, मिक्सर मी स्वतः उघडते. हेही करून बघायचं ठरवलं.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर दोन तास. वरचं झाकण, जाळी, मग पट्ट्यांची पाटी उचलली. सूर या पाटीच्या खालच्या अंगाला असतात, प्रत्येक सूर दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे घेतला आणि खळग्यांत आकडे घातले. यातून पुढे फार डोकेदुखी वाचली. दोन स्क्रू दिसायला अगदी सारखे असतात, पण एक अर्धा सूत लांब असतो आणि चुकीच्या जागी पिळला तर लाकूड फुटतं.

आत धूळ, झुरळांची घाण आणि खालच्या फेल्टला लागलेली कसर. कोरड्या, मऊ ब्रशने सगळं झाडलं. एका पट्टीच्या स्प्रिंगखाली घडी घातलेला पिवळा कागद अडकला होता, कुठल्यातरी पावतीचा तुकडा. तो काढून कचऱ्यात टाकला. (ही चूक होती हे मला १८ डिसेंबरला कळलं.)

मुक्या सहापैकी चार सूर नुसत्या धुळीने बसले होते. पितळी जिभेखालून पातळ कागदाची पट्टी अलगद ओढली, फुंकर मारली आणि चारही बोलायला लागले. इथे ब्लेड घालू नका. मी एकात घातलं, जीभ वाकली आणि ती सरळ करण्यात पाऊण तास गेला.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज फक्त हवा. सगळे खटके (सुरांकडे हवा सोडणाऱ्या समोरच्या खुंट्या) बंद करून भाता भरला आणि तो किती वेळ तग धरतो ते मोजलं: तीन सेकंद. इतकी हवा गळत असेल तर सुरांकडे बघण्यात अर्थ नाही. जुनी पेटी हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. आधी हवा धरा. हात सुरांकडे जातात, कारण ऐकू ते येतात. पण गळक्या भात्यावर मिळवलेला सूर भाता धरल्यावर बदलतो.

गळती शोधायला पतंगाचा कागद वापरला. धाकट्याने संक्रांतीसाठी आत्ताच आणून ठेवला होता. त्याच्या बोटभर लांब, अगदी अरुंद पट्ट्या कापल्या. एकाने भाता दाबून धरायचा आणि दुसऱ्याने ती पट्टी चिमटीत धरून प्रत्येक सांध्याजवळून हळू न्यायची. जिथे हवा येते तिथे कागद फडफडतो. अशा चार जागा सापडल्या: भात्याचे दोन कोपरे, मागच्या भोकांवरचं चामड्याचं झाकण आणि पाटी जिथे पेटीवर बसते तिथली फेल्टची कड. त्या कडेची गळती मला कागदाशिवाय कधीच दिसली नसती.

२ डिसेंबर, शनिवार

दोन्ही कोपऱ्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. घरात होता तो लाकडाचा पांढरा गोंद वापरला. बाबा म्हणाले, "नाना सरस लावायचे." (सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद.) मी म्हटलं, "आता सरस कुठे शोधू, उद्या पहिला रविवार आहे." रात्री भाता नऊ सेकंद धरत होता. मला ते पुष्कळ वाटलं.

उद्या पेटी चर्चमध्ये न्यायचा हट्ट माझा. बाबांचं मन तयार नव्हतं.

३ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लावली आणि भजन सुरू झालं. बाबांची पेटी, नवऱ्याचा कीबोर्ड, धाकट्याचा तबला. दुसऱ्या ओळीपासूनच कानाला खुपायला लागलं. पेटी कीबोर्डापेक्षा चढी होती. फार नाही, पण दोन्ही एकत्र वाजले की मधे एक लहर उठत होती आणि जिथे सूर लांबवायचा तिथे ती स्पष्ट ऐकू येत होती. मुलं मागे वळून बघायला लागली. कुणाला धरून गायचं ते त्यांना कळेना.

बाबांनी धृपद पूर्ण होऊ दिलं. मग डाव्या हाताने भाता हळूच मिटवला, खटके एकेक करून आत ढकलले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते गात राहिले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी आल्टोच्या रांगेतून ते हात बघत होते.

घरी येऊन पेटी उघडली. उजवा कोपरा घडीवरच तडकला होता. पांढरा गोंद वाळून टणक झाला होता आणि भाता तर उघडमीट होणारच, त्यामुळे घडीवर तो तुटणारच होता. सरस कुठून मिळेल ते मी शनिवारीच बाबांना विचारायला हवं होतं.

४ ते ६ डिसेंबर

दोन संध्याकाळी नुसता गोंद काढण्यात गेल्या. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दहा-दहा मिनिटं ठेवायचं आणि बोथट सुरीने खरवडायचं. जुन्या पुठ्ठ्याचा एक पापुद्रा त्याबरोबर निघाला, तो पुन्हा भरावा लागला. पांढऱ्या गोंदाचं हे दुसरं दुखणं. पुढच्या दुरुस्तीला तो सुटत नाही. सरस ओलाव्याने आणि उबेने सुटतो, म्हणून तर जुने कारागीर तोच वापरत आले.

सरस जांभळी नाक्याजवळच्या जुन्या रंगाच्या दुकानात मिळाला, ८० रुपये. कण रात्रभर पाण्यात भिजवले. सकाळी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवले. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची पकड जाते. घरभर वास सुटला. बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "हा वास आमच्या नगरच्या घराचा." मग बराच वेळ तिथेच बसून सांगत होते. पावसाळा संपला की नाना ओट्यावर पेटी उघडून बसायचे आणि सरसाची वाटी धरायचं काम बाबांचं असायचं.

चामड्याच्या कडा या वेळी ब्लेडने उतरवून घेतल्या, म्हणजे मधे जाड आणि कडेला कागदासारखी. कड जाड राहिली तर घडीत गाठ होते. भाता अर्धवट उघडा ठेवून चिकटवलं आणि दिवसभर हात लावला नाही.

६ डिसेंबर ही नारायण वामन टिळकांची जन्मतारीख (१८६१). टिळकांनी ख्रिस्ताची भजनं ओवी-अभंगांत लिहिली आणि कीर्तनही आपलंसं केलं. आमच्या मंडळीत आज पेटी-तबल्यावर उपासना होते त्यामागे ते आहेत, आणि नानांच्या कीर्तनातली निम्मी पदं त्यांचीच असायची. रात्री बाबांनी त्यातलं एक म्हटलं, पेटीशिवाय. भात्याची मोजणी त्यानंतर केली: सतरा सेकंद.

८ डिसेंबर, शुक्रवार

मागच्या झाकणासाठी मऊ चामडं, नवं फेल्ट आणि स्प्रिंगची तार हवी होती. ६ तारखेला महापरिनिर्वाण दिन असतो, चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्या आसपास दादरचं काम ठेवत नाही. म्हणून आज अर्धी रजा काढून गेले. ठाण्याहून फास्ट लोकल, दुपारची वेळ, तरी जाऊन-येऊन चार तास. दुकानदाराने झाकणाचं चामडं कसं निवडायचं ते दाखवलं. बोटावर ठेवून सोडलं की ते आपोआप सपाट पडलं पाहिजे. कडक असेल तर भोकावर बसत नाही आणि भाता मागे ओढताना फटफट आवाज करतं.

रात्री झाकण आणि फेल्ट दोन्ही बदललं. भाता आता बावीस सेकंद धरतो. एका पट्टीवर, एका भात्यात सूर चौदा सेकंद टिकतो. हवेचं काम झालं.

एक चूक: सूर मोडला तर हाताशी असावा म्हणून दोन जादा सूर आजच आणायला हवे होते. दुकानदार विचारतही होता.

९ आणि १० डिसेंबर

सूर मिळवायला बसले. मोबाइलवर ट्यूनर लावला. एकेक पट्टी दाबून मांडलं तर प्रत्येक वेळी आकडा वेगळा. तासभर मला वाटत होतं की ट्यूनर बिघडला. मग लक्षात आलं, भाता जोरात मारला की सूर थोडा हलतो. तेव्हापासून धाकटा भाता मारायला बसला, एकाच लयीत, तबल्याच्या ठेक्यासारखा, आणि मी नुसतं वाचून लिहायचं. आकडे स्थिर झाले.

चित्र असं: कीबोर्डाच्या मधल्या पांढरी सहाला (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी), म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना धरलं, तर नानांची पेटी जवळजवळ सगळीकडे पंधरा-सोळा सेंट चढी. (दोन शेजारच्या पट्ट्यांत शंभर सेंटचं अंतर असतं.) अकरा सूर मात्र या रांगेतून सुटलेले, काही नऊवर तर काही चोवीसवर.

मी ठरवलं की सगळीच पेटी ४४० वर उतरवायची. इथे चूक झाली, आणि ती का चूक ते नीट सांगते. जिभेच्या टोकाकडे खरवडलं तर टोक हलकं होतं आणि सूर चढतो. बुडाशी, म्हणजे खिळ्याजवळ खरवडलं तर तिथली ताकद कमी होते आणि सूर उतरतो. मला सगळे सूर उतरवायचे होते, म्हणजे प्रत्येक जिभेच्या नेमक्या त्या जागी पितळ पातळ करायचं, जिथे ती सगळ्यात जास्त वाकते. शिवाय प्रत्येक वेळी पाटी उलटी करायची, खरवडायचं, सुलटी करून बसवायची, भाता मारायचा, वाचायचं. एका सुराला तीन ते चार फेऱ्या.

शनिवारी नऊ सूर झाले. रविवारी दुपारी अकरावा सूर, नराची मधली पांढरी चार. कानस फिरवली, तेव्हा काही जाणवलं नाही. पाटी बसवून धाकट्याने भाता मारला. सूर आला, दोन सेकंद वाजला, बारीक 'टिच्' असा आवाज झाला आणि मग नुसती हवा. पाटी उलटली तर जीभ बुडाशी तुटून पडलेली. तो तुकडा तळहातावर घेतला तर नखाएवढासुद्धा रुंद नव्हता.

धाकटा काही बोलला नाही. मी बाबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "नानांच्या हातूनही तुटायचे. पोरी, आज बस कर."

११ डिसेंबर, सोमवार

ऑफिसातून परस्पर दादर. तुटलेला सूर बरोबर नेला, पाटीच्या मापाने दोन आणले, ३०० रुपये. याआधीच आणले असते तर हा फेरा वाचला असता. नवा सूर बसवला. बोलतो चांगला, पण शेजाऱ्यांपेक्षा तीक्ष्ण आहे. पन्नास-साठ वर्षं वाजलेल्या पितळेचा आवाज नव्या पितळेला नसतो.

१२ डिसेंबर, मंगळवार

मार्ग थोरलीने काढला. परीक्षा संपल्यामुळे आज ती सरावाला बसली होती. व्हायोलिन उचललं आणि सवयीने बाबांना म्हणाली, "आजोबा, सा द्या." बाबांनी दिला. तिने चार खुंट्या पिळून व्हायोलिन पेटीला लावून घेतलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, कीबोर्डालाही असं करता येतं ना?"

येतं. तिच्या बाबांनाही ते माहीत होतं. पण कीबोर्ड म्हणजे पक्का आणि पेटीने त्याच्याकडे यायचं, हे आम्ही सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये 'मास्टर ट्यून' असतं. नवऱ्याने ते ४४० वरून ४४४ वर नेलं, म्हणजे साधारण सोळा सेंट. बाबांनी पांढरी एक धरली, त्याने तीच धरली. लहर गेली. दोन वाद्यं आहेत हे कळत नव्हतं. नवरा काही क्षण पट्टी सोडेचना.

तबला तर हातोडीने मिळवायचाच असतो. गळे कुणाच्याही मागे जातात. हलू न शकणारं आमच्यात एकच वाद्य होतं आणि मी नेमकं त्यालाच चार दिवस हलवत होते.

मग उरलेलं काम उलट दिशेने केलं. मी उतरवलेले दहा सूर टोकाकडे खरवडून पुन्हा चढवले. टोकाचं खरवडणं त्यामानाने सुरक्षित असतं. सुटलेल्यांपैकी जे खाली होते ते त्याच पद्धतीने सोळावर आणले. चढलेले तीन मात्र बुडाशी अगदी चार-पाच हलके हात मारून, प्रत्येक हातानंतर मोजत. खर्जाची ओळ ट्यूनरने केलीच नाही. नर आणि खर्ज एकत्र वाजवून लहर थांबेपर्यंत कानाने मिळवली. हे बाबांनी केलं, मी फक्त खरवडत होते. "अजून. अजून. थांब." रात्रीचा एक वाजला.

१५ डिसेंबर, शुक्रवार

धाकट्याचं स्नेहसंमेलन झालं. रात्री घरी सराव, मुलांची तीन गाणी पांढरी चारमध्ये. नवा सूर नेमका त्यांचा सा आहे आणि तो टोचतो. तात्पुरता उपाय म्हणून त्या गाण्यांत बाबा नराची ओळ बंद ठेवून नुसता खर्ज वाजवणार.

१६ ते २१ डिसेंबर

नाताळगीतांची फेरी. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कासारवडवली, कोपरी. १९ ला सुट्टी. पेटी रिक्षात मांडीवर, खाली उशी. डिकीत किंवा मागच्या सीटवर मोकळी ठेवू नका, खड्ड्यांत सूरांचे स्क्रू ढिले होतात. फेरी संपली की रोज रात्री पाटीचे मुख्य स्क्रू तपासत होते.

१८ तारीख, कासारवडवली. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे गाडी हलेना. आठला पोचायचं तिथे साडेनऊ वाजले. घरातली लहान मुलं झोपेला आली होती, तरी थांबली होती. दुसऱ्या गाण्यात एक सूर लागून राहिला. बाबांनी बोट उचललं तरी पेटी वाजतच राहिली, सगळ्या गाण्याखाली एकच सूर. बाबांनी भाता मिटला आणि गाणं तबल्यावर पुढे गेलं.

जिन्यात, मोबाइलच्या उजेडात झाकण काढलं. त्या पट्टीची स्प्रिंग अशक्त झाल्यामुळे पट्टी पूर्ण मिटत नव्हती. बाबा वाकून बघत म्हणाले, "इथे नानांनी कागद घातला होता. स्प्रिंगच्या टोकाखाली. दिसत नाही तो."

तो पिवळा तुकडा मी २८ नोव्हेंबरला कचऱ्यात टाकला होता. मला तो घाण वाटला होता, पण स्प्रिंगला ताण राहावा म्हणून नानांनी तो मुद्दाम घडी घालून ठेवला होता आणि इतकी वर्षं तो आपलं काम करत होता. जुन्या वाद्यात काही विचित्र सापडलं, कागद, दोरा, मेणाचा थेंब, तर ते तिथे कशासाठी आहे हे कळल्याशिवाय काढू नका.

घरच्या ताईंनी लग्नपत्रिकेचा जाड तुकडा दिला. घडी घालून बसवला. पट्टी मिटली. शेवटची दोन गाणी पेटीवर झाली.

स्प्रिंगची तार घरी होती, पण ती बदलायची तर शेजारच्या सहा पट्ट्या काढाव्या लागतात. नाताळच्या तोंडावर ते काम काढलं नाही.

२३ डिसेंबर, शनिवार

पेटीला हात लावला नाही. सकाळपासून करंज्या आणि चकल्या. बाबांनी पीठ मळायला घेतलं तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवलं की तेलकट हाताने पेटीजवळ जायचं नाही. रात्री तलावपाळीवर चक्कर मारली. सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चला रोषणाई केली होती, मासुंद्याच्या पाण्यात तिचे दिवे हलत होते. आवाज बसू नये म्हणून मी आईस्क्रीम खाल्लं नाही, थोरलीनेही नाही.

२४ डिसेंबर, रविवार

सकाळी चौथी मेणबत्ती. पेटी, कीबोर्ड, व्हायोलिन, तबला, सगळे ४४४ वर. बाबांनी तेच भजन घेतलं जे ३ तारखेला अर्धवट राहिलं होतं. या वेळी मुलं मागे वळली नाहीत.

दुपारी दोन तास झोप, मग गव्हाणीची सजावट, मग रात्रीची उपासना. शेवटच्या गीतात बाबांनी दोन्ही ओळी उघडल्या, नर आणि खर्ज. नव्या सुराची टोच आता तेवढी जाणवली नाही. रोज वाजून तो थोडा बसला असावा किंवा एवढ्या आवाजांत मुरला असावा.

घरी यायला दीड वाजला. झोपण्याआधी बाबांनी पेटी स्वतः पुसली.

२६ डिसेंबर, मंगळवार

काल दिवसभर पाहुणे. आज दत्तजयंती. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे दरवर्षी संध्याकाळी दत्तजन्माची भजनं असतात. आमच्या फेऱ्यांचा सराव ते महिनाभर जिन्यातून ऐकत होते. सकाळी वर येऊन म्हणाले, "आमचे पेटीवाले गावी गेलेत. तुम्ही याल का?" बाबा पेटी घेऊनच खाली गेले. धाकटा मागोमाग तबला घेऊन. दोन तास वाजवून प्रसादाचा सुंठवडा घेऊन आले. बाबा म्हणाले, तिथल्या गायकांची पट्टी काळी एक होती आणि पेटी त्या पट्टीत फार गोड बोलते.

२९ डिसेंबर, शुक्रवार

हिशेब. चामडं ३५०, सरस ८०, फेल्ट १२०, स्प्रिंगची तार ६०, कानस आणि ब्लेडं २१०, दोन सूर ३००, लोकल-रिक्षा ४८०. एकूण १,६०० रुपये. वेळ ४१ तास. त्यातले सहा पांढऱ्या गोंदात गेले आणि तेरा-चौदा पेटी ४४० वर उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात. हे दोन फाटे टाळले तर नीट काम जाणणाऱ्याला वीस-बावीस तासांत जमेल. नव्याने करणाऱ्याने डिसेंबरात सुरू करू नये, दसऱ्याला करावं. पावसाळा संपून लाकूड वाळलेलं असतं आणि हाताशी दोन महिने असतात.

३१ डिसेंबर, रविवार

वर्षअखेरची उपासना रात्री साडेदहाला आहे. दुपारी पाटी शेवटची उघडली आणि स्प्रिंगची तार बदलली. शेजारच्या सहा पट्ट्या काढून, अंड्यांच्या ट्रेत स्क्रू लावून, अडीच तास लागले. नवी स्प्रिंग चांगली ताठ आहे. लग्नपत्रिकेचा तुकडा आता काढला तरी चालला असता, तसं मी बाबांना म्हटलं.

बाबांनी तो काढला. मग या वर्षीच्या नाताळगीतांचा छापील कागद घेतला, त्याचा कोपरा फाडला, तीन घड्या घातल्या आणि नखाने दाबत नेमक्या त्याच जागी बसवला. मी पाटी वरून ठेवली आणि स्क्रू पिळले.